रडायला आणलेला शेजारी

आमच्या तोकमोक गावात हेवा करण्यासारखं पुष्कळ आहे. कुणाच्या दारात जर्मन मोटार उभी असते, कुणाचा मुलगा कोरियात कारखान्यात लागलेला असतो, कुणाच्या सुनेने स्वयंपाकघराच्या भिंतीला इटालियन फरशी बसवून घेतलेली असते. सागीन मास्तरांना यातल्या कशाचंच काही वाटत नसे. तंत्रनिकेतनात भूमिती शिकवणारा माणूस. मोटार बघितली तरी त्यांना चाकाचा परीघच दिसायचा. त्यांचा जळफळाट व्हायचा तो एकाच गोष्टीने, आणि ती चारचौघांत बोलून दाखवायची सोय नव्हती. समोरच्या दारातल्या तुरातच्या मुलाचं अपंगत्व सरकारने मान्य केलं होतं आणि मास्तरांच्या मुलीचं केलं नव्हतं.

यात हेवा करण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल तो नशीबवान. त्याला सरकारी पुनर्वसन केंद्राची गरज कधी पडलेली नाही. तान्सुलू ही मास्तरांची एकुलती एक मुलगी, पाचवं सरत आलेलं. जन्माच्या वेळी गुदमरली, मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून पाय ताठ. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण कुणी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. तुरातच्या बायेलचं दुखणं अगदी तेच, फक्त तो वयाने थोडा मोठा. डॉक्टरांनी दोन्ही घरांना बजावलं होतं की पायांचं जे काही करायचं ते आत्ताच करा, हाडं भरली की मग नुसतं तेल चोळत बसाल. खाजगीत करायचं तर मास्तरांचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच आटोपला असता. सरकारी केंद्रात सगळं फुकट. मालिश फुकट, कोमट पाण्याचा हौद फुकट, पाय सरळ धरणारे पट्टे फुकट. पण जागा मोजक्या, आणि त्या वाटायला बसलेलं एक तपासणी मंडळ. मूल मंडळापुढे न्यायचं, मंडळ त्याला निरखणार, प्रश्न विचारणार, आणि ज्याला गरज जास्त त्याला जागा देणार.

बायेलला वसंतात पहिल्याच फटक्यात जागा मिळाली. नुसती जागा नाही, परत येताना चार चाकांचा निळा वॉकरही मिळाला. तुरातने तो जिन्यातून वर आणला तो लग्नात नवरीचा पेटारा आणावा तसा, प्रत्येक मजल्यावर थांबून, दम लागल्याचं निमित्त करून. त्याची बायको सोनून मागून सांगत होती, "जपून हो, परदेशी आहे!" मग घरात जागा नाही म्हणून तो वॉकर जिन्याच्या पडवीत ठेवला गेला, आणि तोही असा, की मास्तरांना सकाळी बाहेर पडताना त्याला वळसा घालूनच जावं लागे.

तान्सुलूचीही तारीख त्याच वसंतात होती. मास्तरांनी सगळी तयारी केली होती, फक्त आपल्या आईला घरी ठेवायची तयारी त्यांच्या हातून राहिली. उलकान अपा (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात) म्हणाल्या, "माझी नात सरकारला दाखवायची आणि मी घरात बसू?" त्यांनी नातीला मखमलीचं जाकीट घातलं, नजर लागू नये म्हणून टोपीला घुबडाची पिसं लावली, आणि स्वतः लोकरीची शाल पांघरून पुढे चालू लागल्या.

मंडळाच्या प्रमुख दामिरा असानोव्हना या चांगल्या घरातल्या बाई. समोर पांढऱ्या केसांची अपा बघितल्यावर त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि रीतीप्रमाणे त्यांनी विचारपूस केली. "अपा, बऱ्या आहात ना? अंगात जोर आहे? घरची माणसं बरी? गुरंढोरं बरी? मुलं-नातवंडं छान?"

आता आमच्याकडे याचं उत्तर एकच. घराला आग लागलेली असली तरी आधी 'शुकूर, छान', म्हणजे देवाची कृपा, सगळं ठीक, असं म्हणायचं, आणि मग बादली मागायची. उलकान अपांनी आयुष्यात दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "शुकूर, शुकूर! सगळं छान. गुरंढोरं छान. नात तर काय विचारता, शिंगरासारखी आहे नुसती!"

मास्तरांच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर गुरंढोरं नव्हती. एक कासव होतं. पण बाजूला बसलेली कारकून मुलगी नवीन होती, कामाला चोख होती, आणि विचारपूस कुठे संपते आणि तपासणी कुठे सुरू होते हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने सगळं टाइप केलं. पाठोपाठ तान्सुलूने समोर बसलेले चार श्रोते बघितले आणि ती खुलली. तिने बालवाडीची सगळी गाणी म्हटली, शंभरपासून आकडे उलटे म्हणून दाखवले, आणि दामिरा असानोव्हनांना विचारलं की तुमचं नाक लाल का आहे, तुम्ही रडलात की सर्दी झाली? मंडळ पोट धरून हसलं. मास्तरही हसले. त्यांना वाटलं, काम झालं.

निकाल आला तो असा: मूल आनंदी व चुणचुणीत. नातेवाइकांच्या सांगण्यानुसार प्रकृती शिंगरासारखी. तूर्त गरज नाही.

"अपा, तू छान का म्हणालीस?" मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"मग काय म्हणू? परक्या माणसांपुढे माझ्या नातीला वाईट म्हणू? नजर लागेल पोरीला."

"अगं, ते परके नाहीत, ते मंडळ आहे!"

"मंडळाला डोळे नसतात का?"



बातमी अंगणात फुटली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या निवृत्त नर्स रायसा पेत्रोव्हना म्हणाल्या, सरकारी हौदात काय ठेवलंय, बिज्जू नावाच्या जनावराची चरबी चोळा. त्यांनी बरणीही आणून दिली. त्या वासाने कासव दोन दिवस कवचाबाहेर आलं नाही. तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांनी उन्हाळ्यात इस्सिक-कुल सरोवराकाठच्या तापलेल्या वाळूत पोरीला कमरेपर्यंत पुरून ठेवायला सांगितलं. सोनूनने मास्तरांच्या बायकोला, बातमाला, जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "तुम्ही फार नीटनेटक्या जाता गं. जरा चुरगळलेलं नेसून जायचं." आणि तुरातने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. तुरात करखात्यात होता आणि मास्तरांपेक्षा थोडासाच मोठा, पण त्या थोडक्यापायी मास्तरांना त्याला 'बाइके', म्हणजे दादा, म्हणावं लागे. हेही मास्तरांना लागायचं.

"मास्तर, तुमचं कुठे चुकतं सांगू? तुम्ही मंडळापुढे ताठ उभे राहता. माझ्याकडे येणारे करबुडवेसुद्धा वाकून येतात."

"बाइके, मी न्याय मागायला गेलो होतो, भीक मागायला नाही."

"तेच ते. मिळाला का न्याय?"

मास्तर घरात गेले आणि दार जरा जास्त जोरात लागलं. मास्तर नंतर म्हणाले, वारा होता.

त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं की या वेळी मंडळच घरी येईल आणि मुलीची दैनंदिन स्थिती प्रत्यक्ष पाहील. मास्तरांना वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं. घरात कशाला सोंग लागतं! तरीही काही राहू नये म्हणून त्यांनी आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतली. स्वतः दामिरा असानोव्हना झाले आणि स्टुलावर बसून त्यांनी आईला विचारलं, "अपा, नात कशी आहे?"

"शुकूर, छा..."

"अपा!"

उलकान अपांनी डोळे मिटले. "बरी नाही," त्या पुटपुटल्या आणि लगेच तीनदा थुंकल्या, टेबलाच्या लाकडावर टकटक केलं, नातीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दुसऱ्या खेपेला त्यांना रडू आलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुलालाच विचारलं की तुला आईचा जीव घ्यायचाय का. तेव्हा ठरलं की अपांनी बोलायचंच नाही, फक्त चहा ओतायचा. आणि तान्सुलूने बिछान्यावर शांत पडून राहायचं. गाणी नाहीत, आकडे नाहीत, नाकाची चौकशी नाही.

चहा ओतायचा म्हटल्यावर अपांनी तो नुसता कसा ओतावा? पाहुणे दारातून आत येतात आणि टेबलावर फक्त किटली? सकाळपासून कढईत बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते. घट्ट साय, जर्दाळूचा मुरांबा, घोड्याच्या मांसाची सॉसेज. माहेरून कुणीतरी मेंढीचा फरा पाठवला होता, तोही शिजला. दामिरा असानोव्हना एका वाळक्या डॉक्टरला बरोबर घेऊन आल्या त्या "आम्ही पाच मिनिटंच" असं म्हणत आल्या, आणि डॉक्टरच्या पुढ्यात मानाचं हाड पडल्यावर पाच मिनिटांचा विषय कुणी काढला नाही. मास्तर अस्वस्थ होऊन पुन्हा पुन्हा बिछान्याकडे बोट दाखवत होते. शेवटी डॉक्टर हात पुसून उठला आणि तान्सुलूजवळ बसला. ती डोळे मिटून, दोन्ही हात छातीवर ठेवून पडली होती.

"काय गं, काय होतंय तुला?"

"मी बिचारी आहे," तान्सुलू डोळे न उघडता म्हणाली. "बाबांनी सांगितलंय. चहा संपेपर्यंत."

आमच्याकडे पाहुण्याची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागत बसतो आणि लवकर उठत नाही. त्यामुळे चहा काही संपेना. तान्सुलूने एक डोळा उघडून किटलीकडे बघितलं, मोठा सुस्कारा सोडला आणि विचारलं, "अजून किती वाट्या बिचारी राहू?" डॉक्टर इतका हसला की त्याला ठसका लागला. जाताना अपांनी दोघांना मांस आणि बोरसोक पिशवीत बांधून दिले, कारण पाहुण्याच्या घरच्यांनाही वाटा जायला हवा. निकालात लिहून आलं की घरचं वातावरण अत्यंत प्रेमळ, आहार उत्कृष्ट, मुलीला विनोदाची चांगली समज; म्हणजे जागा पुन्हा नाहीच.

त्याच आठवड्यात बायेल वॉकर धरून जिन्याची अख्खी पडवी चालला. सोनूनने दार सताड उघडं ठेवलं होतं. चाकांची किरकिर, मग पावलं, मग सोनूनच्या टाळ्या, मग पुन्हा किरकिर. मास्तर आपल्या दाराच्या आत उभे राहून ऐकत होते. बातमाने त्यांना तसं उभं असलेलं बघितलं.

"त्या वॉकरची चाकं चुकीच्या कोनात बसवलीत," मास्तर तिला म्हणाले. "आवाजावरूनच कळतं. मागचं डावं तर साफ वाकडं आहे."

"अहो, तुम्हाला तो हवाय."

"मला? असला? कुणी फुकट दिला तरी..."

"मला हवाय," बातमा म्हणाली. ती वाचनालयात काम करायची आणि तिचा आवाज कधी चढायचा नाही. आताही चढला नाही. "मला त्यांचा वॉकर हवाय, त्यांचा हौद हवाय, त्यांच्या पोराचे पाय हवेत. सोनून टाळ्या वाजवते ना, तेव्हा माझ्या पोटात आग पडते. तुम्ही कोन मोजत बसा. मी चालले विचारायला." आणि ती वॉकरला वळसा घालून थेट समोरच्या घरात गेली.

ती परत आली तेव्हा बरोबर तुरात होता. त्याने सांगितलं की शरद ऋतूतल्या तुकडीसाठी केंद्रात एकच जागा उरली आहे, बायेलच्या दुसऱ्या खेपेच्या वेळी त्याने स्वतः ऐकलंय. आणि आता शेवटचा उपाय म्हणजे राजधानीतलं वरचं मंडळ. त्याने नाही म्हटलं तर संपलं. "मी येतो तुमच्याबरोबर," तुरात म्हणाला. "पोरीचा मामा म्हणून. बोलायचं काम माझ्याकडे द्या."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःची मुलगी, आणि तिचं गाऱ्हाणं मांडायला हा करवाला? पण बातमाने तोवर त्याच्यापुढे चहा ठेवला होता, म्हणजे ठरलंच होतं.

आता तुरातचं एक सांगायला हवं. आमच्याकडे मयताच्या घरी जाताना पुरुषमाणसाने लांबूनच, कमरेवर हात ठेवून, मोठ्याने रडत जायचं असतं. आवाज ऐकला की दारातल्या माणसांनीही रडत सामोरं यायचं. हे ज्याला जमतं त्याला जमतं. मास्तर सासऱ्याच्या मयताला रडत गेले होते तेव्हा वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं होतं, आणि मेहुण्याने त्यांना लवकर आत घेतलं होतं. तुरातचं तसं नव्हतं. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला उठला की घरातल्या बायकांच्या हातातली भांडी गळायची. त्याला लांबलांबच्या गावांतून खास निरोप येत. बायेलच्या वेळी त्याने मंडळापुढे ही कला थोडीशीच वापरली होती, असं तो म्हणायचा. "नुसता सूर लावला होता, मास्तर. गाणं झालंच नाही."

राजधानीतल्या कचेरीत लांबलचक बोळ होता आणि त्याच्या टोकाला मंडळाचं दार. बोळात दोन्ही बाजूंना आईबाप आपापली मुलं घेऊन बसलेले. मास्तरांनी तान्सुलूला कडेवर घेतलं होतं, बातमाच्या हातात पिशवी होती, आणि उलकान अपा होत्याच. त्यांना घरी ठेवणारा अजून जन्माला यायचा होता. नाव पुकारलं गेलं. तुरातने कोट सारखा केला, दोन्ही हात कमरेवर ठेवले, पुढे झुकला आणि बोळाच्या या टोकापासूनच सुरू झाला.

"अगं माझ्या कोकरा गं! माझ्या पांढऱ्या कोकरा गं! कसं गं सोसलंस माझ्या बाई!"

काय आवाज होता! भिंतींवरचे आरोग्याचे तक्ते थरथरले. बाकांवरची माणसं काही न कळता उभी राहिली; रडत कुणी आलं की बसून राहायचं नसतं हे रक्तातच आहे. एका म्हाताऱ्याने टोपी सारखी केली आणि तोही हुंदके देऊ लागला. टोकाचं दार उघडलं आणि मंडळाचे अध्यक्ष, चांगले जाडजूड गृहस्थ, चष्मा काढून, हात पसरून, रडतच बाहेर आले. त्यांनी तुरातला मिठी मारली. त्यांच्यामागे मंडळावरच्या दोन्ही बाया भिंतीकडे तोंड करून सुरात रडू लागल्या होत्या. पहारेकरी टॉवेल आणि पाण्याचा लोटा घेऊन धावत आला. "कोण होतं हो?" एकीने डोळे पुसत दुसरीला विचारलं. "कुणास ठाऊक, पण फार मोठं माणूस असणार," दुसरी म्हणाली आणि तिने वरचा सूर धरला.

मास्तर मागे उभे होते. त्यांना शरम वाटायला हवी होती, तीही वाटतच होती, पण तिच्यावर मात करून दुसरंच काहीतरी वर येत होतं. तुरातच्या गालांवरून खरंखुरं पाणी वाहत होतं. त्यांच्या तान्सुलूसाठी! ते स्वतः पाच वर्षांत तिच्यासाठी एकदाही असे रडले नव्हते, आणि हा शेजारचा करवाला येऊन अख्खी कचेरी भिजवत होता. यातही हा पुढे! रडण्यातसुद्धा!

"मेल्यांनो, जित्या पोरीवर रडता!" उलकान अपा किंचाळल्या आणि नातीचे कान झाकू लागल्या. पण पोरीने त्यांचे हात बाजूला सारले. तिने हे सगळं नीट बघितलं आणि बापाच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, मी मरणार आहे का?"

"गप्प!" मास्तर ओरडले. वर्गात कधी ओरडले नव्हते असे ओरडले. "गप्प बसा सगळे! कुणी मेलेलं नाही! माझी मुलगी आहे ही, जिवंत आहे, आणि तिच्यावर रडायचं असेल तर मी रडेन!"

 अध्यक्ष अजून तुरातच्या मिठीतच होते.

"ती छान नाहीये," मास्तर म्हणाले. "माझी आई म्हणते छान आहे. मीही म्हणतो. कॉलेजात रोज कुणीतरी विचारतं आणि मी म्हणतो, शुकूर, छान. तिला मोजे घालताना मला गुडघ्याने तिचा पाय दाबून धरावा लागतो. तेव्हा ती रडत नाही. ओठ चावते. का, तर बाबांना वाईट वाटेल. खाली अंगणात मुली दोरीवरून उड्या मारतात आणि ही खिडकीत बसून त्यांच्या उड्या मोजते. कुणी चुकलं तर वरून ओरडून सांगते. त्यांना वाटतं, काय हुशार पोर! मीही तेच म्हणतो, काय हुशार पोर!" त्यांचा आवाज चिरकला, आणि तो हजेरीचाच आवाज होता, पण त्यांना आता थांबता येईना. "हे तुरात बाइके. यांचा मुलगा चालायला लागला. मी दाराआड उभा राहून त्याच्या चाकांचा आवाज ऐकतो, आणि मला वाटतं, पडावा हा. सहा वर्षांचं पोर आहे ते, माझ्या मुलीचा दोस्त आहे, आणि मी मास्तर असून मला वाटतं की तो पडावा! आणखी काय सांगू तुम्हाला? आणखी काय ऐकायचंय तुम्हाला?"

तान्सुलूने त्यांच्या गालावर हात ठेवला आणि तो ओला आहे का ते बघितलं.

तुरातने अध्यक्षांना सोडलं. खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. पडावा हे त्यानेही ऐकलं होतं. मग म्हणाला, "मास्तर, सोनून जेव्हा तुमच्या पोरीचे आकडे ऐकते ना, उलटे, शंभरपासून... बायेलला दहासुद्धा येत नाहीत. ती कानात बोटं घालते." आणि त्याने तोच रुमाल मास्तरांपुढे केला.

अध्यक्षांची मोठी पंचाईत झाली होती. कुणीही मेलेलं नसताना ते मनसोक्त रडले होते आणि बोळभर माणसांनी ते पाहिलं होतं. त्यांनी चष्मा घातला, सगळ्यांना आत घेतलं, आणि उलकान अपांकडे वळून सवयीने विचारलं, "बरं, अपा... बाकी घरी सगळं छान ना?"

बातमाने डोळे मिटून घेतले. उलकान अपांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, शालीचं टोक घट्ट धरलं.

"गुरंढोरं छान आहेत," त्या म्हणाल्या. "पोरीचं तुम्ही बघा."

जागा मिळाली.

शरदात केंद्रात जाणं सुरू झालं आणि मास्तरांना वाटलं, आता कुणाचा हेवा करायचं कारण उरलं नाही. तो गैरसमज होता. बायेलला आइझान नावाच्या तरुण बाई व्यायाम देत आणि तान्सुलूलाही त्याच देत, त्यामुळे मास्तर काचेपलीकडून कुणाला किती वेळ दिला यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत. तुरातही ठेवी. दोघे शेजारी शेजारी बसत आणि एकमेकांना जर्दाळू देत. तान्सुलूचे पाय हौदात सैल पडू लागले, पट्ट्यांत सरळ राहू लागले, मग ती भिंतीचा दांडा धरून उभी राहू लागली. आइझान म्हणाल्या, कधीतरी स्वतःहून दांडा सोडेल, घाई करू नका.

मास्तर घाई करत नव्हते. फक्त आत जायला मिळेल त्या दिवशी ते चटईच्या टोकाला गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून बसत. त्यांनी मनात सगळं आखून ठेवलं होतं. पोर दांडा सोडेल, सरळ रेषेत येईल आणि बापाच्या मिठीत पडेल. "ये, तान्सुलू! बाबांकडे ये!" तान्सुलू दांड्याला धरून त्यांच्याकडे प्रेमाने बघायची आणि जागची हलायची नाही. गुडघे दुखून येत. तुरात मागून म्हणे, "मास्तर, हात तरी बदला आलटून पालटून."

एके दिवशी मास्तर असेच हात पसरून बसले असताना पलीकडच्या कोपऱ्यात बायेल वॉकर सोडून उभा राहिला. आइझान बाई आनंदाने ओरडल्या, "शाब्बास रे बायेल! शाब्बास माझ्या वाघा!" आणि त्यांनी त्याला उचलून त्याचा गालगुच्चा घेतला.

तान्सुलूचं तोंड एवढंसं झालं. तिने बायेलकडे बघितलं, आइझान बाईंकडे बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या, खालचा ओठ बाहेर आला. बातमा काचेमागे होती. दाराआड उभ्या मास्तरांच्या तोंडावरची ती मुद्रा तिने लगेच ओळखली आणि ती उठून उभी राहिली. तान्सुलूने दांडा सोडला. एक पाऊल टाकलं, डुलली, दुसरं टाकलं. बापाच्या पसरलेल्या हातांच्या बाजूने, त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता, ती तशीच डुलत, हात फैलावत पलीकडच्या कोपऱ्यात गेली आणि आइझान बाईंचा पांढरा कोट तिने मुठीत गच्च पकडला.

"त्याला का शाब्बास?" ती रागाने म्हणाली. "तो नुसता उभा राहिला!"

मास्तरांचे हात तसेच पसरलेले राहिले. कुणाला तरी मिठी मारणं भाग होतं. सर्वांत जवळ तुरात होता. मास्तर त्याच्या गळ्यात पडले आणि गळा काढून रडू लागले, असे की बोळात फरशी पुसणारी बाई हातातला पोछा टाकून धावत आली.

"अगं बाई, काय झालं? कोण गेलं?"

"माझी मुलगी गेली," मास्तर हुंदके देत म्हणाले. "स्वतःच्या पायांनी गेली. आणि तीही माझ्याकडे नाही, तिकडे गेली!"